जुन्या मसल कारला टॅकोमीटर बसवताना: निवड, जागा आणि वायरिंग

१९६० च्या दशकातल्या पुष्कळशा अमेरिकन मसल कार, म्हणजे मोठ्या इंजिनाच्या दमदार गाड्या, टॅकोमीटरशिवायच शोरूममधून बाहेर पडल्या. टॅकोमीटर किंवा टॅक म्हणजे इंजिन मिनिटाला किती फेरे (आरपीएम) घेतं ते दाखवणारा मीटर, आणि तो जादा पैसे मोजून घ्यायचा पर्याय होता. ज्यांनी तो घेतला त्यांचंही प्रत्येक वेळी भलं झालं असं नाही. १९६४ च्या पॉन्टिॲक जीटीओत ३८९ घनइंचांचं, तीन कार्ब्युरेटरचं ३४८ अश्वशक्तीचं इंजिन मिळायचं, पण टॅक डॅशवरच्या पार उजव्या गोल खणात. गिअर ओढताना तिकडे नजर टाकायची म्हणजे रस्त्यावरची नजर काढायची. म्हणून त्या काळातली पोरं दुकानातून वेगळा टॅक आणायची आणि स्टीअरिंग कॉलमला पट्ट्यानं आवळायची. आजही नव्या मालकाच्या यादीत हे काम वरच्या नंबरावर असतं.

डेट्रॉइटच्या परिसरात वाहन उद्योगात नोकरी करणारे मराठी लोक बरेच आहेत. ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड ॲव्हेन्यूवर १९९५ पासून जो जुन्या गाड्यांचा मेळा भरतो, तो पाहून कुणाला अशी गाडी घ्यावीशी वाटली आणि ती आता गॅरेजमध्ये उभी असेल, तर हे त्यांच्यासाठी लिहितो आहे. वायरिंगला हात न लावलेल्यांनाही जमेल असं हे काम आहे. पण त्याचा एक क्रम आहे, आणि तो नेमका उलटा धरला जातो. लोक आधी तबकडी आवडली म्हणून मीटर घेतात आणि मग बॉनेट उघडतात. बॉनेट आधी उघडायचं.

इग्निशन कोणतं आहे ते ओळखा

इग्निशन म्हणजे इंजिनात ठिणगी पाडणारी यंत्रणा. इलेक्ट्रिक टॅक इंजिनाचे फेरे थेट मोजत नाही, तो ठिणग्या मोजतो. चार स्ट्रोकच्या व्ही-८ मध्ये, म्हणजे आठ सिलिंडरच्या इंजिनात, क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या) एका फेऱ्यात चार ठिणग्या पडतात. म्हणजे ६,००० आरपीएमला मिनिटाला २४,००० ठिणग्या, सेकंदाला ४००. सहा सिलिंडरला फेऱ्यामागे तीन, चार सिलिंडरला दोन. टॅकला एवढंच हवं असतं: ठिणगीचा स्वच्छ इशारा, आणि सिलिंडर किती ते सांगणं. इशारा कुठून घ्यायचा हे मात्र इग्निशनवर ठरतं, आणि पन्नास वर्षांत गाडीचं इग्निशन कुणीतरी बदललेलं असण्याची शक्यता मोठी आहे.

जुने पॉइंट (कॉइलचा प्रवाह जोडणारे-तोडणारे संपर्क) आणि कन्डेन्सर तसेच असतील तर काम सोपं. ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणाऱ्या कॉइलच्या निगेटिव्ह टोकावरून, म्हणजे सिलिंडरांना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरकडे जाणारी बारीक वायर जिथे लागते तिथून इशारा घ्यायचा.

डिस्ट्रिब्युटरची टोपी मोठी, रुंद आणि कॉइल तिच्याच डोक्यात बसवलेली असेल तर ते जनरल मोटर्सचं एचईआय, म्हणजे हाय एनर्जी इग्निशन. ते १९७५ पासून सरसकट आलं, पण त्याआधीच्या शेव्हरोले-पॉन्टिॲकमध्ये नंतर बसवलेलं सर्रास सापडतं. त्याच्या टोपीवर दोन चपट्या पिना असतात. एकीशेजारी ‘बॅट’ आणि दुसरीशेजारी ‘टॅक’ असं प्लास्टिकवर उठवलेलं असतं. धूळ पुसून टॉर्चनं पाहा, अक्षरं दिसतील. इशारा ‘टॅक’वरून. ही पिन चुकूनही अर्थला, म्हणजे गाडीच्या धातूला, लागू देऊ नका, आतलं मॉड्यूल जळू शकतं.

फायरवॉलवर (इंजिन आणि बसायची जागा यांच्यामधल्या पत्र्यावर) किंवा मडगार्डच्या आतल्या बाजूला लाल किंवा काळ्या ॲल्युमिनियमचा पंखेदार डबा दिसला, तर बहुधा तो एमएसडी कंपनीचा किंवा तशाच जातीचा कपॅसिटर डिस्चार्ज बॉक्स आहे. इथे टॅकची वायर कॉइलला लावायची नाही म्हणजे नाही. हा बॉक्स कॉइलला बारा नव्हे, शेकडो व्होल्टचा झटका देतो आणि तो सरळ मीटरच्या पोटात जातो. अशा बॉक्सवर टॅकसाठी वेगळं टोक दिलेलं असतं, तेच वापरा. काही जुने टॅक या टोकावरही नीट चालत नाहीत. त्यांच्यासाठी टॅक अडॅप्टर नावाचा छोटा डबा मिळतो.

फोर्डवाल्यांनी इथे जरा थांबावं. १९६० च्या दशकातल्या मस्टँगचा मूळ टॅक इशाऱ्याच्या एका वायरीवर चालत नाही. इग्निशन स्विचकडून कॉइलकडे जाणारा प्रवाहच त्या मीटरमधून फिरवलेला असतो. त्यामुळे मीटर आतून तुटला तर गाडीच सुरू होत नाही, आणि मालक बिचारा कार्ब्युरेटर उघडून बसतो. तो मूळ मीटर काढून नवा लावणार असाल, तर काढलेल्या जागेची दोन टोकं एकमेकांना जोडल्याशिवाय कॉइलला वीज मिळणार नाही. मूळ मीटर ठेवूनच नवीन पद्धतीच्या तीन वायरींवर चालवायचा असेल, तर आतलं यंत्र बदलून देणारे कारागीर आणि किट दोन्ही मिळतात. गाडी मूळ रूपात ठेवायची असेल त्यांनी ती वाट धरावी.

तबकडी किती आकड्यांपर्यंतची

दहा हजार आरपीएमची तबकडी भारी दिसते, पण रस्त्यावरच्या व्ही-८ ला तिचा उपयोग नाही. ही इंजिनं घनइंचांच्या जोरावर चालतात, फेऱ्यांच्या नव्हे. १९७० च्या ब्यूइक ४५५ स्टेज-१ ची ३६० अश्वशक्ती ४,६०० आरपीएमलाच येते. ४२६ हेमीची ४२५ अश्वशक्ती ५,००० ला, १९६९ च्या कॅमेरो एसएसमधल्या ३५० ची ३०० अश्वशक्ती ४,८०० ला. कॅमेरो झी-२८ चं ३०२ हे यातलं वर चढणारं इंजिन, पण त्याचाही जाहीर आकडा ५,८०० चाच.

काटा साधारण २७० अंश फिरतो. ८,००० च्या तबकडीवर हजार आरपीएमला ३४ अंश मिळतात, १०,००० च्या तबकडीवर २७. आपल्या कामाचा भाग दोन ते साडेपाच हजारांतला. तो जितका पसरट दिसेल तितकं वाचन सोपं. तेव्हा ८,००० ची तबकडी घ्या.

तबकडीवर छापलेल्या लाल पट्ट्याचा आणि तुमच्या इंजिनाचा काही संबंध नाही. हे मी ठासून सांगतो, कारण इंजिनं फुटतात ती इथे. पॉन्टिॲकच्या ३८९, ४०० आणि ४५५ मध्ये कारखान्यातून ओतीव कनेक्टिंग रॉड आले होते. ते साडेपाच हजारांच्या पुढे वारंवार नेण्यासारखे नाहीत. हायड्रॉलिक लिफ्टरचं (तेल भरलेल्या व्हॉल्व्ह-दट्ट्यांचं) कुठलंही जुनं इंजिन त्याच आसपास व्हॉल्व्ह तरंगवू लागतं, म्हणजे व्हॉल्व्ह वेळेवर मिटत नाहीत. इंजिन कुणी, कधी आणि कोणते भाग घालून बांधलं याची कागदपत्रं हातात नसतील, तर कंपनीनं शक्तीचा जो आरपीएम जाहीर केला होता त्याच्यावर तीनशे-चारशेपर्यंत आपली हद्द धरा आणि काचेवर त्या जागी बारीक रंगीत पट्टी चिकटवा. शिफ्ट लाइट (गिअर बदलायची वेळ सांगणारा दिवा) असलेला टॅक घेतला असेल तर दिवाही त्याच आकड्याला लावा.

आकाराचं सांगायचं तर पावणेचार इंची टॅक कॉलमवर शोभतो आणि स्पीडोमीटर झाकत नाही. पाच इंची मॉन्स्टर टॅक ड्रॅग स्ट्रिपवरच्या, म्हणजे सरळ रेषेतल्या शर्यतीच्या, गाडीत ठीक आहे. रोज चालवायच्या गाडीत तो अर्धा डॅश खातो, आणि माझ्या मते त्या सुंदर डॅशवर अन्याय करतो.

नवा घ्यायचा की जुना? इलिनॉयमधल्या ऑटो मीटरसारख्या कंपन्यांचे नवे टॅक जुन्या चेहऱ्याचेही मिळतात आणि ते बिनघोर चालतात. पण पेन्सिल्व्हेनियात हर्शीला ऑक्टोबरमध्ये जुन्या सुट्या भागांचा जो प्रचंड बाजार भरतो, तिथे सन कंपनीचा काळ्या तबकडीचा मूळ सुपर टॅक दिसला की हात खिशाकडे जातोच. घ्या, जरूर घ्या. फक्त विक्रेत्याला एक विचारा: ट्रान्समीटर कुठे आहे? सनचे बरेच जुने टॅक दोन तुकड्यांत यायचे. मीटर आत, आणि ठिणग्या मोजणारा वेगळा डबा बॉनेटखाली. डबा ठरावीक सिलिंडर आणि ठरावीक व्होल्टेजसाठीच असतो. तो नसेल तर हातात आलं ते नुसतं डोकं. त्यात आधुनिक सर्किट बसवून देता येतं, पण तो खर्च किमतीत धरूनच भाव करा.

आणखी एक मोह म्हणजे बॉनेटवर बाहेर बसणारा टॅक. पॉन्टिॲकनं तो १९६७ पासून दिला. १९७० च्या एएमसी रेबेल मशीनमध्ये तो बॉनेटवरच्या हवेच्या तोंडातच होता. रस्त्यावरून नजर न हलवता वाचता येतो, ही त्याची खरी खुबी. पण काचेत वाफ धरते, ऊन-पावसानं तबकडी फिकटते, आणि बसवायला बॉनेट कापावं लागतं. ज्या गाडीला तो कारखान्यातून होता किंवा असू शकत होता, तिलाच तो बसवावा.

जागा ठरवताना

पुठ्ठ्याचा टॅकएवढा गोल कापा. रोज बसता तशी सीट करा, पट्टा लावा, आणि तो गोल टेपनं चिकटवून वेगवेगळ्या जागा पाहा. स्टीअरिंग पूर्ण दोन्हीकडे फिरवा. सगळे गिअर टाका. तेलाच्या दाबाचा दिवा, इंडिकेटरचे बाण आणि स्पीडोमीटर झाकले जात नाहीत ना? पुढच्या काचेच्या डाव्या खांबाला टॅक लावायची फॅशन आहे. अमेरिकेत चालक डावीकडे बसतो, आणि वळताना रस्ता ओलांडणारा माणूस नेमका त्याच कोपऱ्यात असतो. तिथे काही लावू नका.

बहुतेकांसाठी स्टीअरिंग कॉलमच उत्तम. टॅकसोबत येणारी गोल पट्टी कॉलमभोवती गुंडाळा, खाली रबराची पट्टी घाला म्हणजे रंगही जात नाही आणि मीटर घसरतही नाही. कॉलमला भोक पाडून स्क्रू मारणं पूर्ण वर्ज्य. जनरल मोटर्सनं १९६७ पासून आणि सरकारी नियमानं १९६८ पासून सगळ्यांनीच अपघातात दबणारे कॉलम दिले. त्यात स्क्रू घुसवला तर ते दबण्यात अडथळा येऊ शकतो, शिवाय आतून इंडिकेटरच्या वायरी जातात.

डॅशच्या वर मध्यभागी बसवलेला टॅक दिसतो छान, पण त्यासाठी डॅशपॅडला भोकं पडतात. पन्नास वर्षांचा न फाटलेला डॅशपॅड आता दुर्मीळ आहे. त्याला ड्रिल लावू नका.

जागा पक्की झाली की एक बारकावा. टॅकचं डबडं त्याच्या कपात फिरवता येतं. शर्यतवाले ते असं फिरवतात की गिअर बदलायचा आकडा बरोबर वर, घड्याळातल्या बाराच्या जागी येतो. मग आकडे वाचावे लागत नाहीत. काटा उभा झाला की हात आपोआप गिअरच्या दांड्याकडे जातो. आकडे तिरपे दिसतात त्याची सवय एका फेरफटक्यात होते. करून पाहाच.

वायरिंग

आधी बॅटरीचं निगेटिव्ह टोक काढा. सामान थोडंच लागतं: १८ गेजची वायर, ३ अँपिअरचा फ्यूज आणि त्याचा होल्डर, क्रिंपिंगचे थिंबल, हीट श्रिंक नळी, रबरी ग्रोमेट (पत्र्याच्या भोकात बसणारं कडं) आणि मल्टीमीटर. टॅकसोबतच्या कागदात फ्यूज वेगळा सांगितला असेल तर तो. दोन वायरी चिमटून जोडणारे निळे प्लास्टिकचे क्लिप दुकानात समोरच टांगलेले असतात. ते घेऊ नका. ते जुन्या वायरीचे धागे कापतात आणि वर्षभरात सांधा हिरवा पडतो.

सध्याच्या बऱ्याच टॅकना चार वायरी असतात. खालचे रंग बहुतेक ठिकाणी जुळतात, तरी आपला कागद उघडून खात्री करा.

१. काळी, म्हणजे अर्थ. डॅशखालच्या धातूच्या एखाद्या मूळ बोल्टखाली घ्या. रंग खरवडून लखलखीत धातू दिसू द्या आणि दातेरी वॉशर घाला. टॅकच्या निम्म्या तक्रारी इथे जन्मतात.

२. लाल, म्हणजे बारा व्होल्ट. किल्ली चालू केली की येणारे आणि बंद केली की जाणारे. फ्यूजबॉक्सवर इग्निशनचं मोकळं टोक शोधा, बॅटरी तात्पुरती जोडून मल्टीमीटरनं तपासा: किल्ली बंद असताना शून्य, चालू असताना बारा, आणि स्टार्टर फिरतानाही वीज टिकली पाहिजे. ॲक्सेसरीचं टोक स्टार्टर फिरताना मरतं, म्हणून ते नको. ही वायर कॉइलच्या पॉझिटिव्हला लावायची चूक नवखे हटकून करतात. पॉइंटच्या गाडीत कॉइलच्या आधी बॅलास्ट रेझिस्टर किंवा रोधक वायर असते. इंजिन चालू असताना तिथे बारा व्होल्ट पोचतच नाहीत, आणि मग टॅक मनाला येईल ते दाखवतो. क्रायस्लर-डॉजच्या जुन्या गाड्यांत सगळा प्रवाह डॅशमधल्या अँमीटरमधून जातो. त्याच्या स्क्रूंवरूनही वीज घेऊ नका. ती किल्ली बंद असतानाही जिवंत असते.

३. पांढरी, म्हणजे दिव्याची. डॅशच्या दिव्यांच्या वायरीला जोडा, हेडलाइटच्या स्विचला नव्हे. मग डॅशचे दिवे मंद करायची चकती फिरवली की टॅकही मंद होतो. अंधाऱ्या हायवेवर तो एकटाच डोळ्यांत भगभगत राहत नाही.

४. हिरवी, म्हणजे इशाऱ्याची. ही फायरवॉल ओलांडून इंजिनाकडे जाते, आणि सगळ्यात जास्त काळजी हिचीच घ्यायची.

नवं भोक पाडण्याआधी फायरवॉल चाचपून पाहा. ऑटोमॅटिक गाडीत क्लचच्या दांड्याच्या जागी रबरी किंवा पत्र्याचं बूच असतं, स्पीडोमीटरच्या केबलच्या ग्रोमेटमध्येही जागा निघते. भोक पाडावंच लागलं तर पलीकडे हीटरची पेटी, वायपरची मोटर किंवा वायरींचा जुडगा नाही याची दोन्ही बाजूंनी खात्री करा. पत्र्याची कड कानशीनं घासा आणि वायर ग्रोमेटमधूनच न्या. नुसत्या पत्र्याच्या कडेवर टेकलेली वायर इंजिनाच्या थरथरीनं हळूहळू कापली जाते. ती कॉइलच्या निगेटिव्हची वायर आहे हे लक्षात घ्या. तिचं तांबं पत्र्याला लागलं की पॉइंट उघडले काय आणि मिटले काय, कॉइल कायमची अर्थ होते. ठिणगी बंद. गाडी चालत्या रस्त्यात, भर वाहतुकीत गप्प होते, आणि दोष इतका आडबाजूला असतो की टो ट्रक येईपर्यंत सापडत नाही. वीस-तीस रुपयांच्या मोलाच्या रबराच्या कड्यावर एवढं सगळं अवलंबून आहे.

पलीकडे गेल्यावर ही वायर एक्झॉस्ट मॅनिफोल्डपासून लांब ठेवा, आणि स्पार्क प्लगच्या वायरींना समांतर नेऊ नका. ओलांडायच्याच असतील तर काटकोनात ओलांडा. प्लगच्या वायरी आतून नुसत्या धातूच्या तारेच्या असतील तर रेडिओ जसा खरखरतो तसा टॅकचा काटाही थरथरतो. रोधक जातीच्या वायरी घाला, दोन्ही दुखणी जातील.

शेवटी टॅकच्या मागचा सिलिंडरचा स्विच आठवर आहे ना ते पाहा. काही जुन्या टॅकमध्ये स्विचऐवजी वायरीचे फास कापून सिलिंडर ठरवतात. तिथे कागद वाचल्याशिवाय कात्री लावू नका.

पहिल्यांदा चालू करताना

बॅटरी जोडा, गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, गॅरेजचं दार उघडं. किल्ली चालू केल्यावर काटा शून्याशी स्थिर राहायला हवा. इंजिन गरम झाल्यावर साधारण ६०० ते ८०० दाखवेल. आकडा जास्त वाटला आणि इंजिन तर शांत ऐकू येतंय, तर तो ८०० ते १,०५० च्या दरम्यान, म्हणजे खऱ्या फेऱ्यांच्या चार तृतीयांश आहे का ते पाहा: असेल तर स्विच सहावर राहिला आहे. बरोबर दुप्पट दाखवलं तर चारवर.

काटा अजिबात हलत नसेल तर क्रमानं लाल, काळी, मग हिरवी तपासा. हेडलाइट लावल्यावर काटा सरकला तर अर्थ खराब. खालच्या फेऱ्यांना ठीक आणि पाच हजारांच्या वर फडफडतो, असं असेल तर लगेच मीटरला दोष देऊ नका. पॉइंटची स्प्रिंग थकली की वरच्या वेगाला पॉइंट उडू लागतात, ठिणग्या खरंच चुकतात आणि टॅक ते इमानदारीनं दाखवतो. आधी पॉइंट बदलून पाहा.

आकडा खरा आहे का हे रस्त्यावर ताडता येतं. ताशी मैलांतला वेग, मागच्या ॲक्सलचा रेशो आणि ३३६ यांचा गुणाकार करून त्याला टायरच्या इंचांतल्या व्यासानं भागा. टॉप गिअर थेट, म्हणजे एकास एक असलेल्या फोर-स्पीड गाडीत हे लागू पडतं. ३.५५ चा ॲक्सल, २६ इंची टायर आणि फोनच्या जीपीएसवर ताशी ६० मैल, म्हणजे सुमारे ९६ किलोमीटर, असतील तर टॅकवर २,७५० च्या आसपास दिसायला हवं. ऑटोमॅटिकमध्ये टॉर्क कन्व्हर्टर थोडा घसरतो, तिथे काटा शे-दोनशे जास्त दाखवेल. त्याहून मोठा फरक असेल तर टायरचा खरा व्यास मोजा आणि ॲक्सलवरचा शिक्का वाचा. मागच्या मालकानं ॲक्सल बदललेला असणं अगदी नेहमीचं आहे.

काही दिवस चालवल्यावर कॉलमची पट्टी आणि अर्थचा बोल्ट एकदा पुन्हा आवळा. कुठली वायर कुठून घेतली ते कागदावर रंगांसकट लिहून ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवा, आणि काढलेला मूळ मीटर, बूच, स्क्रू असं जे काही असेल ते पिशवीत घालून गाडीसोबतच ठेवा. या गाड्या आपल्यानंतरही कुणाकडे तरी जाणार आहेत, आणि त्यांना ते लागेल.